लाट सोडून जाणारे

टोरांटो, ऑगस्ट

मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची जोडसुट्टी आली की टोरांटोहून उत्तरेला जाणारा हायवे ४०० शुक्रवारी दुपारपासूनच तुंबतो. गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट, बोटीवर ताडपत्री आणि मागच्या सीटवर कुत्रा अशी वरात रात्री उशिरापर्यंत चालू असते. कॉटेजचा मोसम तेव्हा उघडतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, मिटतो. मधल्या साडेतीन महिन्यांत इथला माणूस वर्षभराचं ऊन आणि पाणी वसूल करून घेतो. त्यानंतर पाण्याचा बर्फच व्हायचा असतो, त्यामुळे त्या घाईला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या प्रांतात अडीच लाखांहून जास्त तलाव आहेत, असं ऑन्टारियोचं सरकार सांगतं. तरी पैसेवाल्यांचा जीव अडकलेला असतो तो मस्कोका, रोसो आणि जोसेफ या तीन तलावांत. शहरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावरचे हे तलाव एकमेकांना जोडलेले आहेत. काठावर ग्रॅनाइटचे खडक आणि पाइनची झाडं. १८८७ सालचा सांगाडा असलेली ‘सेगवन’ ही वाफेवरची बोट अजूनही ग्रेव्हनहर्स्टच्या धक्क्यावरून पर्यटकांना घेऊन निघते. काही घरांची बोटहाउसं आपल्याकडच्या बंगल्यांना लाजवतील अशी दुमजली. कागदोपत्री ही शांतता शोधणाऱ्यांची जागा आहे. जुलैतल्या शनिवारी दुपारी तिथं उभं राहिलं तर शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं.

झेब्रा क्रॉसिंगवर तुम्ही पाऊल टाकायच्या आत गाडी थांबवणारा हाच माणूस. बोटीच्या सुकाणूवर बसला की त्याला काय होतं, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. पोहणाऱ्या मुलांच्या अंगावरून जावी तशी जेट स्की काढतात. कनूतून वल्ही मारत चाललेल्या म्हाताऱ्या जोडप्याला लाटेनं भिजवतात आणि वर हात हलवून हसतात. रात्री साउंड सिस्टीम लावून खाडीच्या तोंडाशी नांगर टाकतात. आवाज पाण्यावरून किती लांब जातो, याचा अंदाज बोटीवर बसलेल्याला कधीच येत नाही. माझ्या मते कारण साधं आहे. रस्त्यावर पट्टे असतात, सिग्नल असतात, मागून हॉर्न वाजतो. पाण्यावर यातलं काही नाही. शिवाय बोटीमुळे होणारा त्रास बोटीच्या मागे घडतो आणि चालवणाऱ्याचं तोंड पुढे असतं. लाट काठावर आदळते, धक्क्याला बांधलेली होडी फळ्यांवर आपटते, तोवर हे महाशय पुढच्या वळणाआड गेलेले असतात.

कायदा नाही असं समजू नका. पुष्कळ आहे. किनाऱ्यापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरहून जास्त वेगानं इंजिनाची बोट चालवायची नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या हाती जेट स्की द्यायची नाही. पाठीमागे दोरीला माणूस बांधून ओढायचा असेल तर त्याच्यावर नजर ठेवायला बोटीत दुसरा माणूस हवा, आणि सूर्यास्तानंतर तासाभरानं हा खेळ बंद. दारूच्या बाबतीत तर रस्ता आणि पाणी यांत फरकच केलेला नाही. बोट पिऊन चालवली तर गाडीचा परवाना जातो. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची कायमची सोय असलेली बोट नांगरलेली किंवा धक्क्याला बांधलेली असेल, तरच तिच्यावर ग्लास भरता येतो. बोटीला इंजिन नाही ही सबबसुद्धा चालत नाही. २०१७ च्या वसंतात मस्कोका नदीत एक कनू उलटली आणि आठ वर्षांचा मुलगा गेला. वल्ही हातात असलेल्या माणसाला ब्रेसब्रिजच्या न्यायालयानं २०१९ मध्ये नशेत नाव चालवल्याबद्दल दोषी ठरवलं.

छोट्या बोटींच्या नियमावलीत आणखी एक कलम आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. बेपर्वाईनं, नीट लक्ष न देता किंवा इतरांचा वाजवी विचार न करता बोट चालवणं हा गुन्हा आहे, असं ते म्हणतं. दुसऱ्याचा विचार न करणं हाच गुन्हा! आपल्याकडे असं कलम रस्त्यांवर लावलं तर तुरुंगात उभं राहायला जागा उरणार नाही.

पण कलम असणं वेगळं आणि पकडणं वेगळं. प्रांताच्या पोलिसांकडे गस्तीच्या बोटी आहेत, पण पाण्याचा पसारा इतका की त्या दिसल्या तर लोक फोटो काढतात. पुरावा हाही पाण्यात विरघळणारा. ऑगस्ट २०१९ मध्ये जोसेफ तलावावर रात्री अकराच्या सुमारास दोन बोटी एकमेकींवर आदळल्या आणि दोघांचा जीव गेला. एका बोटीच्या सुकाणूवर दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका उद्योजकाची पत्नी होती, म्हणून खटला देशभर चघळला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये ती निर्दोष सुटली. दुसऱ्या बोटीतली मंडळी तारे पाहायला थांबली होती आणि बोटीचे दिवे बंद होते, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा ठरला. अंधारात काळ्या पाण्यावर दिवा न लावता थांबणं हाही दुसऱ्याचा विचार न करण्याचाच प्रकार, फक्त त्यात आवाज होत नाही. मुंबईकरांना हे वाचून १८ डिसेंबर २०२४ आठवेल. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर, इंजिनाची चाचणी घेत फिरणारी नौदलाची स्पीडबोट भर दिवसा आदळली आणि पंधरा माणसं गेली. तिथं तर सगळं स्वच्छ दिसत होतं.

आता परवान्याची गंमत ऐका. इंजिनाची बोट चालवायला इथं एक कार्ड लागतं. १९९९ पासून टप्प्याटप्प्यानं आणलेली ही सक्ती २००९ पासून सगळ्यांना लागू झाली. परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते आणि कार्ड एकदा मिळालं की जन्मभर चालतं. पाण्यावर बोट चालवून दाखवावी लागत नाही. भाड्यानं बोट घेणाऱ्याला तर कार्डही लागत नाही. मरीनावाल्याबरोबर एक तपासणी-यादी भरायची, सह्या करायच्या, की भाड्याच्या मुदतीपुरते तुम्ही पात्र. ब्रॅम्प्टन-मिसिसागातली आपली मराठी कुटुंबं अलीकडे उन्हाळ्यात तीन-चार घरं मिळून कॉटेज भाड्यानं घेतात. पोह्यांच्या पिशव्या, कुकर, आजी-आजोबा असा सगळा सरंजाम असतो. अशाच एका घोळक्यात मी होतो. मरीनावरच्या पोरानं यादीवर भराभर खुणा करत इंग्रजीची गाडी सोडली आणि पुण्याहून नुकताच आलेला आमच्यातला एक तरुण माझ्या कानाशी लागला, “काका, सगळं कळलं, पण याला ब्रेक कुठं असतो हो?” ब्रेक नसतोच, इंजिन उलटं फिरवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, असं सांगितल्यावर त्यानं निमूटपणे सगळ्या मुलांना लाइफ जॅकेटं चढवली. मोठ्यांनीही घातली. कायद्यानं जॅकेट बोटीत माणशी एक असलं की पुरे, मोठ्यांनी अंगात घालायची सक्ती नाही. काठावरचे जुने कॉटेजवाले ते उशीसारखं टेकायला घेतात.

या जुन्या मंडळींचं तलावावरचं राजकारण हा खरा पाहण्यासारखा विषय. आमच्या भाड्याच्या घराशेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. दुर्बीण आणि वही घेऊन ते धक्क्यावर बसलेले असतात. बोटीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना परवाना क्रमांक लिहावा लागतो आणि अक्षरं निदान साडेसात सेंटिमीटर उंच असावी लागतात. एवढी अक्षरंसुद्धा भरधाव बोटीवर वाचायला दुर्बीणच हवी. क्रमांक, वेळ, दिशा, बोटीचा रंग आणि सुकाणूवर कोण होतं, एवढं टिपायचं आणि पोलिसांच्या साध्या नंबरवर कळवायचं, ही त्यांची रीत. ओरडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत आणि आपली बोट घेऊन पाठलाग तर मुळीच करायचा नाही. पाठलागात दोन बेपर्वा बोटी होतात, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. पूर्वी ते दोन्ही तळवे खाली करून “हळू, हळू” अशी खूण करायचे. बोटीवरच्या लोकांना वाटायचं आजोबा टाटा करताहेत, तेही उत्साहानं हात हलवायचे.

अशा कॉटेजवाल्यांच्या तलावागणिक संघटना आहेत. त्या पत्रकं वाटतात, धक्क्यांवर पाट्या लावतात, सभा घेतात. मस्कोकातली ‘सेफ क्वाएट लेक्स’ ही त्यांतली ठळक संस्था. बोटवाल्यांनी पाळायचा शिष्टाचार तिनं लिहून काढला आणि लोकांची मतं मागवणारी सर्वेक्षणं केली. माणूस ओळखीचा असेल तर या सौम्य मार्गांचा उपयोग होतो. संध्याकाळी त्याच्या धक्क्यावर जाऊन बिअरचा कॅन हातात घेत “अरे, तुझ्या लाटेनं माझी होडी फुटता फुटता वाचली” म्हटलं तर तो ओशाळतो. पण ओळखीच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून बहुतेक जण सांगतच नाहीत आणि सगळा राग भाडेकरूंवर निघतो. ‘रेंटर’ हा शब्द इथं ज्या सुरात उच्चारतात तो सूर आपल्याला परका नाही. ‘शहरातून येणारे’ असं म्हणताना काही जणांची नजर आमच्या कुकरच्या शिट्टीकडे वळते, तेही मी पाहिलं आहे.

भाडेकरू निर्दोष आहेत असं नाही. ज्याला तलावातले खडक ठाऊक नाहीत, ज्याला समोरून उजव्या हाताकडून येणाऱ्या बोटीला वाट द्यायची असते हे सकाळीच कळलं, तो धोकादायकच. पण भाड्याची पाँटून बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी ओसरी. ती किती लाट उठवणार? काठ खरवडणारी लाट वेगळ्याच बोटीची असते, आणि ती भाड्यानं फारशी मिळत नाही, कारण नवी घ्यायची तर लाखभर डॉलरच्या पुढेच आकडा सुरू होतो. तिला वेक बोट म्हणतात. पोटातल्या टाक्यांत तलावाचं पाणी भरून तिचं बूड मुद्दाम खोल बसवायचं आणि मागे एवढी उंच लाट उठवायची की दोरी सोडून त्या लाटेवर फळी घेऊन उभं राहता यावं. समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या लोकांचा हा समुद्र. बघायला मजा येते, हेही कबूल करायला हवं.

यातली खोच वेगाची आहे. हलकी बोट भरधाव सुटली की पाण्यावर चढते आणि तिची लाट लहान होते. वेक बोट ताशी सोळा-अठरा किलोमीटरनं, नाक वर करून, पाणी नांगरत जाते आणि नेमकी त्याच चालीला लाट सर्वांत मोठी होते. म्हणजे काठापासून पन्नास मीटरवर ती पूर्ण कायदेशीर वागत असते आणि तुमची होडी धक्क्यावर आपटत असते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेनं २०२२ मध्ये लाटा मोजून सांगितलं की अशा बोटींनी काठापासून निदान ५०० फूट, म्हणजे दीडशे मीटर, दूर राहावं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं २०२४ पासून तेवढंच अंतर नियमात घातलं. इथला नियम अजून ३० मीटरवर आहे. यात सर्वांत हकनाक मरण लून पक्ष्याचं. त्याचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात, जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. म्हणून तो घरटं पाण्याच्या अगदी कडेला बांधतो आणि त्यात एक-दोनच अंडी घालतो. एक मोठी लाट आली की मोसम संपला. १९८७ पासून देशाच्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी विराजमान आहे.

मग गावानं तलावावर नियम का करू नये? करता येत नाही. १८६७ च्या राज्यघटनेनं नौकानयन केंद्राच्या यादीत टाकलं, ते आजतागायत तिथंच आहे. काठावरचं झाड तोडायला नगरपालिकेची परवानगी लागते, पण त्याच काठापासून दोन हात पुढे पाण्यावर तिची सत्ता शून्य. एखाद्या खाडीत वेगमर्यादा हवी असेल तर लोकांची मतं घेऊन, दुसरे उपाय करून पाहिल्याचं दाखवून ओटावाकडे अर्ज करायचा. यात वर्षं सहज जातात. नगरपालिकेच्या हातात उरतं ते जमिनीवरचं, म्हणजे भाड्यानं दिल्या जाणाऱ्या घरांचं. हंट्सव्हिलसारख्या गावांनी अशा घरांना परवाना सक्तीचा केला. माणसं किती, गाड्या किती, गोंगाट किती, सगळ्याचे नियम झाले. तक्रार लाटेची आणि परवाना खोलीचा! याला मी लबाडी म्हणणार नाही. ज्याच्या हातात जे आहे, ते तो करतो. पण त्यामुळे मुक्कामाला आलेल्याला नियम जाचतात आणि घराच्या मालकाची लाट मोकाट राहते, हे खरंच.

शेजारच्या शिक्षकांनी यंदा मला त्यांच्या संघटनेच्या वार्षिक सभेला नेलं. चर्चच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या, पातळ कॉफी, घरचे केक. पहिला विषय भाडेकरूंचा निघाला आणि त्यावर तासभर माणसं तावातावानं बोलली. कचरा, गाड्या, फटाके, सगळं निघालं. मग शिक्षकांनी आपली वही उघडली आणि कोणाचं नाव न घेता एवढंच सांगितलं की या मोसमात त्यांनी टिपलेल्या लाटांच्या तक्रारींत सर्वाधिक वेळा आलेले बोटींचे क्रमांक याच तलावावरच्या घरांचे आहेत, वाचून दाखवू का? अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. विषय पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असं कोणीतरी सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, हात वर झाले. दुपारी वारा पडला होता, पाणी सपाट होतं, आणि नातवंडांना लाटेवर उभं राहायला शिकवायचं कबूल केलेलं असल्यानं निम्मी सभा घाईनं उठली.