एकबिंदू यथादर्शन : सपाट कागदावर खोली कशी दाखवतात?

सपाट कागदावर अंतराचा भास निर्माण करण्याच्या पद्धतीला यथादर्शन, म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने ती प्रयोगाने दाखवली. लिओन बातिस्ता अल्बेर्ती याने १४३५ मध्ये तिचे नियम ग्रंथात मांडले.

सुरुवात क्षितिजरेषेने होते. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. त्याच्यापासून सरळ दूर जाणाऱ्या आडव्या समांतर रेषा तिच्यावरील एकाच लोपबिंदूत मिळतात. उभ्या रेषा मात्र उभ्याच राहतात.

सरावासाठी रस्त्याकडेचे विजेचे खांब उत्तम. पहिला खांब काढून त्याचे टोक, मध्य आणि पायथा यांपासून लोपबिंदूकडे फिक्या रेषा ओढाव्यात. दुसरा खांब अंदाजाने उभा करावा. पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या मध्यातून ओढलेली रेषा पायथ्याच्या रेषेला जिथे छेदते, तिथे तिसरा खांब येतो. पुढचे खांबही असेच मिळतात आणि त्यांच्यातले अंतर आपोआप घटत जाते.

लोपबिंदू नजरही खेचून घेतो. लिओनार्दो दा विंचीच्या ‘द लास्ट सपर’ या भित्तिचित्रात तो ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलापाशी आहे. रेषा आखण्यासाठी तिथे ठोकलेल्या खिळ्याचे छिद्र भिंतीत सापडले आहे.