व्यापारी पत्रव्यवहार : ‘ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ कुठे लिहावे, कुठे लिहू नये

आपल्या कापड व्यवसायातील बहुतेक मंडळी उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली आहेत. सौदा बोलण्यात आपण कोणाला हार जात नाही. पण परप्रांतातील अथवा परदेशातील ग्राहकाला इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की हात अडखळतो. मग कुठेतरी ऐकलेला, कानाला भारदस्त वाटलेला शब्दप्रयोग आपण पत्रात बसवतो. असाच एक शब्दप्रयोग म्हणजे ‘पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ’. दुकानाच्या उद्‌घाटनाची पत्रिका असो, ईद मिलनाची बातमी असो की मालाचे माहितीपत्रक, हा शब्दप्रयोग हटकून असतो. आणि बऱ्याच वेळा तो चुकीचा असतो.

ही चूक किती महाग पडते हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. १९९८ सालच्या सप्टेंबरात आखाती देशातील एका खरेदीदाराला मी केंब्रिकचे नमुने पाठविले. रमजान ईदच्या हंगामासाठी हा माल होता. सोबतच्या पत्रात मी लिहिले की, आमचे कापड ‘ऑल वर्क्स ऑफ लाइफ’साठी योग्य आहे. एका सभेतील भाषणात मी ‘वॉक्स’ हा शब्द ऐकला होता, तो माझ्या कानाने ‘वर्क्स’ असा घेतला. समोरच्याने सरळ अर्थ काढला, की हे कापड कामाच्या कपड्यांचे आहे. त्याने कामगारांच्या गणवेशासाठी जाड कापडाचा भाव विचारला. मला वाटले, केंब्रिक पसंत आहे आणि जाड माल जादा हवा आहे. मी जाड कापडाचे नमुने पाठविले. त्याने उलट विचारले, मग पहिले पातळ कापड कशासाठी पाठविले होते? या खुलाशांत पाच आठवडे गेले. तोवर ईदचा माल त्याने दुसरीकडून उचलला होता. माझे तागे गोदामात पडून राहिले आणि शेवटी स्थानिक बाजारात पडत्या भावाने काढावे लागले. कारागिरांची आठवड्याची मजुरी मात्र चुकली नाही, चुकवताही आली नसती.

तेव्हा या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. ‘वॉक’ म्हणजे चालणे हे सर्वांना ठाऊक आहे. पण इंग्रजीत ‘वॉक’ म्हणजे रोजची ठरलेली वाटही होते. इंग्लंडमध्ये पोस्टमन ज्या गल्ल्यांतून रोज टपाल वाटत जातो, त्या फेरीलाही ‘वॉक’ म्हणतात. त्याच चालीवर ‘वॉक ऑफ लाइफ’ म्हणजे माणूस ज्या वाटेने आयुष्य काढतो ती वाट, म्हणजेच त्याचा पेशा आणि समाजातील त्याचे स्थान. उर्दूत आपण ‘जिंदगी के हर शोबे से ताल्लुक रखने वाले लोग’ म्हणतो, तोच हा अर्थ. मराठीत ‘सर्व क्षेत्रांतील, सर्व थरांतील लोक’ असे म्हणता येईल. उर्दू शाळेत शिकलेल्याने ‘शोबा’ हा शब्द ध्यानात ठेवला, तर ‘वॉक’ची ‘वर्क’शी गल्लत होणार नाही.

यातून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. हा शब्दप्रयोग धर्म, भाषा किंवा प्रांत यांची विविधता सांगत नाही. तो पेशा आणि परिस्थिती यांची विविधता सांगतो. मालेगाव किंवा भिवंडीतील एखादी गल्ली पाहा. तिथे सूत व्यापारी आहे, सायझिंगवाला आहे, मागावरचा कारागीर आहे, कांड्या भरणारी बाई आहे, हमाल आहे, दलाल आहे, शाळामास्तर आणि डॉक्टरही आहे. सगळे एकाच बिरादरीचे असले, तरी ते ‘ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ आहेत. उलट दहा राज्यांतून आलेले, निरनिराळ्या धर्मांचे शंभर कापड व्यापारी एका सभागृहात बसले, तर ते ‘ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ होत नाहीत; कारण सर्वांची वाट एकच, कापडाचा धंदा. तिथे ‘फ्रॉम ऑल पार्ट्स ऑफ द कंट्री’ किंवा ‘ऑफ ऑल कम्युनिटीज’ असे लिहावे.

आता लिहिण्याची पद्धत. पुढील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. ‘ऑल’ आले की ‘वॉक्स’ हे अनेकवचन. ‘ऑल वॉक ऑफ लाइफ’ चूक.

२. ‘एव्हरी’ आले की ‘वॉक’ हे एकवचन. ‘फ्रॉम एव्हरी वॉक ऑफ लाइफ’ बरोबर, ‘एव्हरी वॉक्स’ चूक.

३. ‘लाइफ’ नेहमी एकवचनी. ‘वॉक्स ऑफ लाइव्ह्ज’ कधीही लिहू नये.

४. आधी माणसे लिहावीत, मग ‘फ्रॉम’. ‘कस्टमर्स फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ बरोबर. ‘क्लॉथ फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ चूक, कारण कापडाला पेशा नसतो.

याच जातीचे आणखी काही शब्द व्यापारी बांधव बेधडक वापरतात. ‘द मासेस’ म्हणजे आम जनता. आपसात बोलताना ‘मास’चा माल आणि ‘क्लास’चा माल असे आपण म्हणतो, पण ग्राहकाला पाठवायच्या पत्रात त्याला ‘मासेस’मध्ये बसवू नये; त्यात वरून खाली पाहिल्याचा वास येतो. ‘हॉय पोलॉय’ हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ ‘पुष्कळ लोक’. इंग्रजीत तो सामान्य लोकांसाठी, तोही थोड्या तुच्छतेने वापरतात. काही जण त्याचा अर्थ बडे लोक असा समजतात, तो अगदी उलटा आहे. ‘टॉम, डिक अँड हॅरी’ म्हणजे आपले ऐरेगैरे नत्थू खैरे. ‘एव्हरी टॉम, डिक अँड हॅरी आमचा ग्राहक आहे’ असे लिहिणे म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकाचा दारातच अपमान करणे होय. ‘क्रॉस-सेक्शन’ हा शब्द मात्र आपल्याला सहज कळावा. अनेक ताग्यांतून एकेक तुकडा कापून नमुन्याची वही करतात, तसे समाजाच्या निरनिराळ्या थरांतून घेतलेले थोडे लोक म्हणजे ‘क्रॉस-सेक्शन ऑफ पीपल’. ते सगळे लोक नव्हेत, सगळ्यांचा नमुना आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत कामाची. ‘ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ निमंत्रणात शोभतो, समारंभाच्या बातमीत शोभतो, शोकसभेच्या वृत्तांतात शोभतो. भावपत्रकात त्याचे काही काम नाही. खरेदीदाराला सुताचा काउंट, पन्हा, वजन, रंगाचा पक्केपणा, ताग्याची लांबी आणि माल पोचविण्याची तारीख हवी असते. कापड कोणासाठी आहे हे सांगायचेच असेल, तर स्पष्ट लिहावे : लहान मुलांच्या कपड्यांसाठी, अस्तरासाठी, दुपट्ट्यासाठी. ‘सर्वांसाठी’ म्हटलेला माल बहुधा कोणासाठीच नसतो, हे बाजारात बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आज पत्राची जागा मोबाइलवरील संदेशाने घेतली आहे आणि चुकीची ओळ पाच आठवड्यांऐवजी पाच सेकंदांत पोचते. म्हणून पाठविण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला एकदा वाचायला द्यावे. त्यात कमीपणा नाही. न कळणारा शब्द वापरण्यापेक्षा कळणारा साधा शब्द वापरावा, हिशेब साफ राहतो. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.