अ‍ॅपचे पैसे तुम्ही दिले. पण कोडचा मालक कोण?

कल्पना तुमची, पैसे तुमचे, अ‍ॅपवर नावही तुमच्याच कंपनीचे. मग त्यामागचा कोड कुणाचा? ‘अर्थात आमचाच,’ असे बहुतेक नवउद्योजक सांगतील. कायद्याचे उत्तर वेगळे असू शकते आणि अनेकदा ते कळते गुंतवणूकदाराचा वकील कागदपत्रे मागतो तेव्हा.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ आहे. होय, कादंबरी आणि कोड एकाच रांगेत! कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा लेखक. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी कंपनीची. फ्रीलान्सर मात्र कर्मचारी नसतो. त्याचे बिल चुकते केले म्हणून मालकी आपोआप तुमच्याकडे येत नाही. अ‍ॅप वापरण्याची परवानगी मिळाली, असे फार तर म्हणता येईल.

मित्रांनी मिळून लिहिलेला कोड?

इथे गुंता जास्त. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधून स्टार्टअप सुरू होते, कंपनीची नोंदणी नंतर होते. कोड लिहिला गेला तेव्हा कंपनीच नव्हती, त्यामुळे कुणी तिचा कर्मचारीही नव्हता. चौघांपैकी एक जण पुढे नोकरीसाठी बाहेर पडला, तर त्याच्या वाट्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. मैत्री आहे तोवर सही घेणे सोपे असते.

करारात काय हवे?

हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘डन भाऊ’वर विसंबू नका. कलम १९ मधल्या तीन गोष्टी नेमक्या विसरल्या जातात. मुदत लिहिली नाही, तर हस्तांतरण फक्त ५ वर्षांचे धरले जाते. प्रदेश लिहिला नाही, तर ते भारतापुरतेच. म्हणजे दुबईतल्या ग्राहकांसाठी अ‍ॅप काढताना अडचण. शिवाय मिळालेले हक्क वर्षभर वापरले नाहीत आणि करारात तशी सूट नसेल, तर ते हस्तांतरण रद्द झाल्याचे मानले जाते. इंटरनेटवरून उचललेल्या नमुना करारात ही कलमे आहेत का, एवढे तरी तपासा.

पेटंट घेता येईल का?

निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅमला भारतात पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(के)मध्ये ते स्पष्ट आहे. अ‍ॅपचे नाव हा ट्रेडमार्कचा विषय. मान्यताप्राप्त स्टार्टअपला त्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे.

कोड आधीच घेतला असेल तर?

फ्रीलान्सरकडून आताही हस्तांतरणाचा करार करून घेता येतो. त्यात सोर्स कोड, डिझाइनच्या फाइल आणि आधीच्या आवृत्त्यांचा उल्लेख असू द्या. गिटहब, सर्व्हर आणि प्ले स्टोअरची खाती कंपनीच्या ई-मेलवर घ्या. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी असेल, तर तो सहीनंतरच द्या.