जावातल्या अ‍ॅरेची वाटचाल

एकाच प्रकारची मूल्ये मेमरीत सलग लावली की अ‍ॅरे तयार होतो. सुरुवातीचा पत्ता आणि घटकाचा आकार ठाऊक असला की कितवाही घटक एक गुणाकार आणि एक बेरीज करून सापडतो. १९५७च्या फोरट्रानमध्ये मोजणी एकापासून होती. सीने ती शून्यापासून धरली, कारण तिथे इंडेक्स म्हणजे सुरुवातीपासूनचे अंतर. मात्र आपली हद्द कुठे संपते, हे सीच्या अ‍ॅरेला कळत नाही. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला, तो काही अंशी याच फटीतून.

१९९५च्या जावाने अ‍ॅरेला ऑब्जेक्टचा दर्जा दिला. तो हीपवर तयार होतो, आपली लांबी जवळ बाळगतो, आणि हद्दीबाहेरचा इंडेक्स दिल्यास एक्सेप्शन फेकतो. व्हेरिएबलमध्ये असतो तो केवळ रेफरन्स. त्यामुळे एक अ‍ॅरे दुसऱ्या व्हेरिएबलला दिला तरी प्रत निघत नाही. ऑब्जेक्टांचा अ‍ॅरे घेतला, तर सुरुवातीला प्रत्येक जागी नल असते. नवशिके इथे हमखास अडखळतात.

एक तडजोड मात्र महागात पडली. जेनेरिक्स नसताना सर्व प्रकारच्या ऑब्जेक्टांच्या अ‍ॅरेंना चालेल अशी एकच मेथड लिहिता यावी, म्हणून स्ट्रिंगचा अ‍ॅरे हा ऑब्जेक्टचाही अ‍ॅरे मानला गेला. मग त्या वाटेने त्यात इंटिजर ठेवला तरी कंपायलर गप्प राहतो; चूक उघड होते ती प्रोग्राम चालताना. २००४मध्ये जावा ५ने जेनेरिक्स आणले, पण त्यांची प्रकाराची माहिती कंपाइल होतानाच पुसली जाते, तर अ‍ॅरे ती शेवटपर्यंत जपतो. या दोघांचे आजही नीट जुळलेले नाही.

त्याआधी, डिसेंबर १९९८च्या जावा १.२मध्ये अ‍ॅरेलिस्ट आली होती. तिच्या पोटातही साधा अ‍ॅरेच असतो. तो भरला की सुमारे दीडपट मोठा नवा अ‍ॅरे घेऊन जुने घटक त्यात उतरवले जातात. जावाच्या मुलाखतींत अ‍ॅरे आणि अ‍ॅरेलिस्ट या दोहोंतला फरक हा नेहमीचा प्रश्न.

२००६मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जावाच्या बायनरी सर्चमधली जुनी चूक जाहीर केली. मधला इंडेक्स काढताना दोन टोकांची बेरीज इंटिजरमध्ये मावत नसे आणि उत्तर ऋण येई. शंभर कोटींहून मोठ्या अ‍ॅरेशिवाय ती दिसणे शक्य नव्हते, म्हणून सुमारे नऊ वर्षे टिकली.

इंटिजरचा अ‍ॅरे मेमरीत सलग असतो. ऑब्जेक्टांच्या अ‍ॅरेत सलग असतात ते फक्त रेफरन्स, ऑब्जेक्ट इतस्ततः विखुरलेले राहू शकतात. ही विखुरण टाळून मूल्ये सलग ठेवता यावीत, यासाठी २०१४पासून प्रोजेक्ट व्हॅल्हालाचे काम चालू आहे.