एकाच बांधीत दोन निवडी

शिक्षक मित्रांनो, दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. उत्क्रांती म्हटलं की आपण फळ्यावर जिराफाची मान काढतो. भंडाऱ्याच्या पोरांना जिराफ चित्रातलाच; धानाची बांधी मात्र रोजची. म्हणून आम्ही सुचवतो, सुरुवात बांधीपासून करू या.

आधी कृत्रिम निवड घ्या. डार्विननेही १८५९ च्या ग्रंथात पहिलं प्रकरण माणसाने पाळलेल्या प्राण्यांवर आणि पिकांवरच लिहिलं होतं. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी राखलं, पुढच्या हंगामात वेगळं लावलं आणि त्यातून पुन्हा निवडलं. त्यातूनच 'एचएमटी' धान आला. नाव मनगटी घड्याळाचं. आता वर्गाला विचारा, दादाजींनी लोंबीत नवा गुण घातला का? नाही. फरक आधीच होता. पुढच्या पिढीला बी कोणाचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

मग त्याच बांधीत जरा खाली वाकून बघा. एखादा फुटवा चंदेरी नळीसारखा झालेला दिसतो. हा चंदेरी पोंगा; आत गादमाशीची अळी वाढलेली असते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी गादमाशीला प्रतिकार करणारे वाण काढले. अशा वाणावर बहुतेक अळ्या मरतात. पण काही थोड्या अळ्यांमध्ये आधीपासूनच असा आनुवंशिक फरक असतो, की त्या तगतात. पुढची पिढी त्यांचीच, आणि पिढी साधारण तीन आठवड्यांची. सगळीकडे दरवर्षी तोच वाण लावला, तर तगणाऱ्यांचं प्रमाण वाढत जातं आणि एक दिवस वाण निकामी ठरतो. गादमाशीचे असे वेगवेगळे जैवप्रकार भारतात नोंदले गेले आहेत. ही निवड कोणी केली? ठरवून कोणीच नाही. म्हणून ती नैसर्गिक, जरी वाण माणसाने लावला असला तरी.

इथे मुलं हमखास म्हणतात, "सर, किडीला सवय झाली." हे वाक्य तसंच सोडू नका. एकेक माशी बदलत नाही. थव्यातलं प्रमाण बदलतं. हा शब्दांचा कीस नाही. कारण 'सवय झाली' असं समजणारा शेतकरी उद्या तेच औषध दुप्पट फवारतो आणि तगणाऱ्या किडीलाच रान मोकळं करून देतो. निवड समजलेला वाण बदलतो, औषधाचा गट बदलतो, गरज नसेल तर फवारतच नाही.

तेव्हा परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी एवढंच विचारा: "किडीला औषधाची सवय झाली, हे वाक्य दुरुस्त करून लिहा." ज्याला ते जमलं, त्याला धडा समजला.