कप्पीच्या उदाहरणातील विशेषणे

यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हटकून आढळणारे एक उदाहरण असे: ३०° कललेल्या गुळगुळीत उतरणीवर ४ किलोग्रॅम वस्तुमानाचा ठोकळा आहे. त्यास बांधलेली हलकी, न ताणली जाणारी दोरी उतरणीच्या माथ्यावरील हलक्या, घर्षणरहित कप्पीवरून जाते. तिच्या दुसऱ्या टोकास ३ किलोग्रॅमचा ठोकळा अधांतरी लोंबतो. ठोकळ्यांचे त्वरण व दोरीतील ताण काढा.

भाषाभ्यासकाने येथे विशेषणांचे कार्य न्याहाळावे. ललित गद्यातील विशेषण गाळले, तर बहुधा अर्थाची एखादी छटा जाते. येथे ते गाळले, तर समीकरणच हातचे जाते. ‘न ताणली जाणारी’ म्हणजे दोन्ही ठोकळे समान काळात समान अंतर कापतात, अर्थात दोहोंचे त्वरण परिमाणाने एकच. ‘हलकी’ हा शब्द तर फसवा आहे. व्यवहारात त्याचा अर्थ ‘कमी वजनाची’. येथे त्याचा अर्थ ‘जिचे वस्तुमान शून्य मानावे अशी’. दोरी व कप्पी यांना गती देण्यात बल खर्ची पडत नसल्यामुळे कप्पीच्या दोन्ही अंगांस ताण सारखा राहतो.

त्वरणास ‘त’ व ताणास ‘ता’ म्हणू. लोंबत्या ठोकळ्याचे वजन २९.४ न्यूटन. दुसऱ्याचे ३९.२, परंतु ३०° ची ज्या, म्हणजे साइन, अर्धी असल्याने उतरणीच्या दिशेने त्यापैकी १९.६ न्यूटनच ओढ लागते. म्हणून

२९.४ − ता = ३ त
ता − १९.६ = ४ त

बेरीज करता त = १.४ मीटर प्रतिसेकंद² आणि ता = २५.२ न्यूटन.

सिमॉन स्टेव्हिन याने उतरणीवरील समतोलाचा नियम १५८६ साली समान गोळ्यांच्या माळेच्या कल्पनेने सिद्ध केला. तो ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये न लिहिता डच भाषेत लिहिला आणि शास्त्रविवेचनास डच भाषा कशी समर्थ आहे, याविषयी एक निबंधही त्यास जोडला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने विसरण्याजोगे नाही. त्याच्या नियमानुसार येथील ४ किलोग्रॅमला लोंबते २ किलोग्रॅम तोलून धरतील. उरलेल्या १ किलोग्रॅमचे वजन एकूण ७ किलोग्रॅमला ओढते. त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या एकसप्तमांश आले, ते यामुळेच.

पुष्कळ विद्यार्थी ताण २९.४ न्यूटन लिहून मोकळे होतात. आमच्या मते याचे मूळ गणिताइतकेच भाषेत आहे: ‘टांगलेले वजन’ म्हटले की ते सगळेच दोरीवर पडते, असे वाटू लागते. तसे असते, तर लोंबत्या ठोकळ्यावरील एकूण बल शून्य होऊन त्यास त्वरणच मिळाले नसते.

आता ‘गुळगुळीत’ हा शब्द खोडून ‘घर्षणांक ०.३ असलेली’ असे लिहू. घर्षण म्हणजे घर्षणांक व लंबबल यांचा गुणाकार, हे पाठ केलेले वाक्य लावल्यास घर्षण सुमारे १०.२ न्यूटन येते. ओढ मात्र ९.८ न्यूटनचीच, तेव्हा त्वरण ऋण निघते, जणू घर्षणच स्थिर ठोकळ्यास मागे ढकलू लागले! पाठ केलेल्या वाक्यातून स्थिर वस्तूसाठी आवश्यक असलेले ‘जास्तीत जास्त’ हे शब्द गळाले आहेत. घर्षण १०.२ पर्यंत जाऊ शकते. येथे ते ९.८ वरच थांबते व ठोकळे जागचे हलत नाहीत. ताणही मग २९.४ न्यूटनच असतो.