चित्रकलेचा तास आणि आपल्या मुलांचे आरोग्य



जून महिन्यात शाळा उघडली की आपण ओढाताण करून का होईना, पण वही, दप्तर आणि रंगपेटी घेतोच. चित्रकलेचा तास हा मुलांचा सर्वांत आवडता तास. बाबासाहेबांनाही चित्रकलेची आवड होती. आयुष्याच्या उत्तरार्धात, एवढ्या व्यापातही त्यांनी हाती ब्रश धरला होता. तेव्हा हा लेख वाचून कोणी मुलाची रंगपेटी काढून घेऊ नये. रंग कोणता, तो कसा वापरायचा आणि त्याबद्दल शाळेला काय विचारायचे, एवढेच सांगायचे आहे.

आपल्या वस्तीजवळच्या अनेक शाळांत चित्रकलेसाठी वेगळी खोली नसते. ज्या वर्गात मुले रंग कालवतात, त्याच वर्गात मधल्या सुट्टीत पट्टीवर बसून खिचडी खातात. रंगाचे हात फ्रॉकला पुसले आणि ताट पुढे ओढले, असे रोज घडते. "रंगच तर आहे, धुतला की जाईल," असे आपण म्हणतो. साध्या जलरंगाबद्दल ते बरेचसे खरे आहे. पण बाजारातले सगळे रंग सारखे नसतात.

शिसे : न दिसणारे विष

चकचकीत पिवळ्या, केशरी आणि लाल ऑइलपेंटमध्ये शिशाचे क्षार वापरण्याची पद्धत फार जुनी आहे. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी २०१६ साली नियम झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यानुसार अशा रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असता कामा नये आणि तसे डब्यावर छापावे लागते. पण जुना शिल्लक डबा, सुटा विकला जाणारा रंग किंवा बाजारातली बिननावाची रंगाची पूड यांत काय आहे, हे डोळ्यांना कळत नाही. शाळेच्या जुन्या बाकांवरचा, खिडक्यांवरचा पोपडे धरलेला रंगही त्यातलाच.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार ते पाच पट जास्त शोषून घेते. सुरुवातीला ताप नाही, खोकला नाही. पण रक्त कमी होते, लक्ष लागत नाही, बुद्धीची वाढ खुंटते. आपण म्हणतो, "पोरगं ढ आहे, अभ्यास करत नाही." कधी कधी कारण त्याच्या रक्तात असते आणि ते रक्ताच्या तपासणीतच कळते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी महत्त्वाची आहे. अंगात लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी) मुलाने फेकून न देता खाल्ली पाहिजे. नाचणी, पालेभाजी, डाळ, अंडी जेवणात असू द्या.

आपल्यातले कितीतरी बांधव रंगकाम करतात, जुना रंग खरवडतात, बॅटरीच्या कामाला जातात. ही धूळ कपड्यांवरून घरी येते. त्या घरच्या मुलाला शाळेतलाही रंग बाधला तर भार दुप्पट होतो. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच मुलाला जवळ घ्या. ते कपडे वेगळे धुवा.

थिनर, टर्पेंटाइन आणि सोल्युशन

ऑइलपेंट पातळ करायला, ब्रश धुवायला थिनर किंवा टर्पेंटाइन लागते. ते बहुधा कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणले जाते आणि तहानलेले मूल पाणी समजून तोंडाला लावते. १४ एप्रिलची तयारी चालू असताना गल्लीत फलक रंगवले जातात, तेव्हाही हाच धोका असतो. थिनर कधीही खाण्यापिण्याच्या बाटलीत ठेवू नका.

बंद खोलीत त्याची वाफ श्वासात गेली की डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. काही मुलांना या वासाची चटक लागते. रुमालावर थिनर किंवा सोल्युशन घेऊन हुंगणारी मुले आपण पाहिली आहेत. हुंगता हुंगता हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. पंचशीलातले पाचवे शील फक्त दारूपुरते नाही, हे मुलांना समजावून सांगा.

शाळेत या वस्तूंची गरजही नसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी पाण्यात कालवायच्या रंगांनी होते.

प्लास्टर, पूड आणि थर्माकोल

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवले की घट्ट होताना तापते. जाड थर असेल तर ते साठ अंशांपर्यंतही जाते. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात सोळा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने हाताचा साचा करण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या बादलीत घातले. प्लास्टर घट्ट झाले, हात बाहेर निघेनात. ती इतकी भाजली की तिची बहुतेक बोटे कापावी लागली. आपल्याकडेही प्लास्टरच्या मूर्ती, पुतळे घडवले जातात, मुले हौसेने मदतीला बसतात. साच्यासाठी हातपाय प्लास्टरमध्ये कधीही घालू देऊ नका.

रंगाची किंवा मातीची पूड उडवू नये. वर्ग कोरडा न झाडता ओल्या फडक्याने पुसावा. प्रकल्पासाठी थर्माकोल तापलेल्या तारेने कापू नये, जाळू तर नयेच. त्याचा धूर विषारी असतो.

एवढे पाळा

• पाकिटावर कंपनीचे नाव, पत्ता आणि 'नॉन-टॉक्सिक' असे छापलेले रंगच घ्या. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्याजोगे नव्हे.
• होळीचा रंग, रांगोळी, सुटी पूड चित्रासाठी वापरू नका.
• ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालण्याची सवय मोडा.
• रंगकामानंतर आणि खिचडीआधी साबणाने हात धुवायला लावा. थिनरने हात पुसू देऊ नका.
• चिकटवायला पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद पुरतो.

अपघात झाला तर

मुलाने थिनर, टर्पेंटाइन प्यायले तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी देऊ नका. उलटी होताना ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. १०८ क्रमांकावर फोन करा किंवा तडक दवाखाना गाठा. बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमके काय पोटात गेले ते कळेल. डोळ्यांत उडाले तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा, मग डॉक्टरकडे न्या.

शाळेत विचारा, तो आपला हक्क आहे

"आम्ही अडाणी, सरांना काय विचारणार?" असे म्हणू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. म्हणजे ती खुर्ची आपल्या माताभगिनींचीही आहे. पुढच्या बैठकीत उभे राहून चार प्रश्न विचारा. शाळेत कोणते रंग आणले जातात? थिनर, वॉर्निश कुलपात असते का? रंगकामाच्या वेळी खिडक्या उघडतात का? हात धुवायला पाणी आणि साबण आहे का? प्रश्न आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. शाळा विनाअनुदानित असेल तर चार पालकांच्या सह्यांचे पत्र मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या.

महाग रंगांचा हट्ट कोणी धरलेला नाही. नाव-पत्ता असलेला डबा, उघडी खिडकी आणि साबणाची वडी एवढेच मागायचे आहे. ते मागताना एकट्याने जाऊ नका. रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे बसा, कोणाची मुले कोणत्या शाळेत आहेत ते पाहा आणि मिळून जा. संघटित होण्याची शिकवण अशाच कामांसाठी आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!